वर्गणीची वही आहे, मग माणसांची का नाही?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पत्र मोबाईलवर टाईप करतेय, ऱ्हस्व-दीर्घ इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या. तुमचा पेपर आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळेपासून येतो. आधी एसटीने दुपारी यायचा, आता सकाळी येतो आणि तोवर सगळं व्हॉट्सॲपवर वाचून झालेलं असतं, तरी येतो. तर आतल्या पानावर खाली कोपऱ्यात अधूनमधून एक बातमी असते, नोकरीचं आमिष दाखवून मुलीला नेलं. त्यात मुलीचं नाव बदललेलं असतं पण तालुका खरा, गाव खरं, वाडी खरी, वय खरं, बाप काय करतो ते पण खरं. मग लपवलंत काय? त्यावर मला बोलायचंच आहे पण ते नंतर, आधी आमच्याकडे काय झालं ते सांगते नाहीतर मुद्दा कळणार नाही.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. चार वर्षांपूर्वी वैशाखात, लग्नसराई संपता संपता एक बाई वाडीत आली. गळ्यात मंगळसूत्र, केसात गजरा, बोलणं अगदी आपल्यातलं, मला पण 'काय गो वयनी' करून हाक मारलीन. माहेर शेजारच्या गावातलं सांगितलं. देवळात गेली, देवीची ओटी भरली. आता देवीची ओटी भरणाऱ्या बाईवर कोण संशय घेणार सांगा. पनवेलच्या पुढे पॅकिंगची कंपनी आहे, बारा हजार पगार, राहायला रूम, जेवण कंपनीचं, दोन-तीन मुली हव्यात. माझ्या शेजारणीची मुलगी तेव्हा सतरा वर्षांची, बारावीला इंग्लिशात गेलेली. आमच्याकडे काम म्हणजे काजूच्या फॅक्टरीत बी सोलायची, किलोवर पैसे, दिवसभर बसलात तरी हातात काय येतं ते बसणाऱ्यालाच माहीत. त्या बाईने आईच्या हातावर पाच हजार ठेवले, म्हणाली ॲडव्हान्स आहे, पगारातून कापून घेऊ. हे पाच हजार लक्षात ठेवा.

मुलगी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेली. ट्रेनने नाही, आणि हे मुद्दाम होतं हे आता कळतं. ट्रेनला निदान टीसी असतो, स्टेशनवर आरपीएफवाले असतात, ट्रॅव्हल्सला हायवेवर कुठेही हात दाखवा, थांबते, नाव-गाव कोण लिहून घेतो.

पहिले आठ दिवस फोन आला, पोचले, बरी आहे. मग स्वीच ऑफ. त्या बाईचा पण स्वीच ऑफ. शेजारच्या गावात जाऊन विचारलं तर अशी कोणी माहेरवाशीण तिथे नाहीच. मग पोलीस स्टेशन. कुठलं ते लिहीत नाही, तिथल्या माणसांची बदली पण झाली असेल. 'कोणाबरोबर गेली असेल, दोन दिवसांत येईल, बदनामी कशाला करून घेता' हे आम्ही तीन वेळा ऐकलं. तिसऱ्या वेळी शेजारीण बाहेर बाकड्यावर बसून नुसती साडीच्या पदराचे दोरे काढत होती.

मग आमच्या गावाच्या मुंबईतल्या मंडळातला एक मुलगा, वकिली करतो, त्याने फोनवर सांगितलं की सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा आदेश आहे, अठराच्या आतलं मूल हरवलं की एफआयआर घ्यावाच लागतो आणि पळवलंय किंवा विकलंय असं धरूनच तपास सुरू करायचा, उलटं सिद्ध होईपर्यंत. आम्ही चार बायकांनी ते वाक्य शाळेतली कविता पाठ करावी तसं पाठ केलं आणि गेलो. त्या दिवशी पेन चाललं. तरी पण एकाने विचारलंच, ती स्वतःच्या पायाने गेली ना? हो गेली. पण फसवून, आमिष दाखवून, पैसे देऊन नेलं की 'ती तयार होती' याला कायद्यात किंमत नाही. पूर्वी आयपीसीचं कलम ३७० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १४३ आहे. हे नंबर मला तेव्हा माहीत नव्हते, आता झोपेतून उठवलं तरी सांगेन.

दीड महिन्याने मुलगी सापडली. कोठ्यावर नाही. एका मोठ्या शहरात, चांगल्या सोसायटीत, कितव्यातरी मजल्यावर, दोन पोरं आणि अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी, पहाटे पाचपासून रात्री बारापर्यंत काम आणि घरातले बाहेर गेले की दाराला बाहेरून कुलूप. पगार शून्य, कारण त्या लोकांनी सगळे पैसे एजंटला दिलेले आणि ते म्हणत होते आम्ही तर पैसे मोजलेत. मोजलेत! आपल्याला मुलगी विकली म्हटलं की एकच चित्र दिसतं, आणि म्हणून ही असली मुलगी कोणाला दिसतच नाही. लिफ्टमध्ये चार जणांनी बघितली असेल, कामवाली आहे म्हणून सोडून दिली असेल. कायद्याला मात्र फरक नाही, घरकाम असो, भट्टी असो नाहीतर वेश्याव्यवसाय असो, संविधानाच्या २३ व्या कलमात माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी एकाच ओळीत बंद केलीय.

ती बाई अजून सापडलेली नाही.

आता वहीचं. मुलगी आल्यावर महिन्याभराने आमच्या ग्रामसंघाची मीटिंग होती, बचत गटाच्या हप्त्यांची. हप्ते बाजूलाच राहिले. आमच्यातली एक म्हातारी, सत्तरीची असेल, पडवीत भिंतीला टेकून बसलेली, ती म्हणाली, "शिमग्याच्या वर्गणीत कुनाचं अकरा रुपय बाकी हायत त्ये ईस वर्सांचा वहीत लिवलेला हाय, पन पोर कंच्या गाडीत बसली त्ये कुनी लिवलान न्हाय." सगळ्या गप्प. खरंच आहे ना हो. पालखी कोणाच्या दारात किती वेळ थांबली यावरून आमच्या गावकीत दोन पिढ्या बोलत नाहीत, एवढी बारीक नोंद आम्ही ठेवतो. आणि माणसं जातात त्याची नोंद कुठेच नाही, कारण कोकणातून माणूस जाणं म्हणजे बातमी नाहीच, चाकरमानी म्हणजे जायचाच.

तर दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली, लाल पुठ्ठ्याची, वर्गणीला असते तशीच. कोण जातंय, कोणाबरोबर, कुठे, कामाचा पत्ता, नेणाऱ्याचा फोन आणि आधार कार्डचा फोटो, उचल किती घेतली. आणि वाडीत अनोळखी कोणी काम घेऊन आलं की चहा द्यायचा, बसवायचं, गोड बोलायचं आणि फोटो काढायचा. खरा माणूस फोटोला हसतो. आतापर्यंत दोघं जण फोटो म्हटल्यावर चहा अर्धा टाकून गेले.

पत्ता लिहून भागत नाही, तो खरा आहे का हे बघायला माणूस लागतो. आणि इथे कोकणाकडे जे आहे ते मला वाटतं दुसरीकडे क्वचित असेल. प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ आहे. लालबाग-परळच्या चाळीतल्या खोलीत सुरू झालेलं, आता विरार-दिवा-बदलापूरला पांगलेलं, पण दर महिन्याला मीटिंग आहे, खजिनदार आहे, भांडणं आहेत. ही माणसं बेस्टमध्ये आहेत, पालिकेत आहेत, रिक्षा चालवतात, कोणी हवालदार आहे, डिलिव्हरीवाली पोरं तर किती. आम्ही पत्ता ग्रुपवर टाकतो, रविवारी कोणीतरी जाऊन बघून येतं. कंपनी आहे का, रूम आहे का, आधीच्या मुलींशी बोलता येतं का. मुख्य म्हणजे गेल्यावर मुलीला भेटू देतात का. एका ठिकाणी वॉचमन म्हणाला कामगारांना भेटता येत नाही, झालं, आम्ही त्या दोघींना पाठवलंच नाही. याला काय एनजीओ लागत नाही, फंड लागत नाही, देवळाच्या जीर्णोद्धाराला जे मंडळ लाखो रुपये जमवतं त्याला एक रविवार मागितला एवढंच.

आणि गाय. हे सांगायला मला फार आवडतं. कोंडलेल्या माणसाला फोन दिलाच तर स्पीकरवर देतात, बाजूला उभे राहून. मग बोलणार काय? म्हणून ठरवलं की अडकलात तर घरी विचारायचं, तांबू व्याली का? आमच्या वाडीत तांबू नावाची गाय नाही. मुलींनी लगेच पाठ केलं, मुलगे हसले, आम्हाला कोण पळवतंय म्हणे. आणि पहिला फोन आला तो मुलाचाच. एकवीस वर्षांचा, 'हॉटेल लाईन'ला गेलेला, दुसऱ्या राज्यात. आईला म्हणाला, सगळं बरं आहे, जेवण बरं आहे, तांबू व्याली का गो? त्याच्या आईने, कमाल बाई, आवाज अजिबात न बदलता सांगितलं, व्याली, पाडी झाली. फोन ठेवला आणि मग घळाघळा रडली. तो वीस हजार उचल घेऊन गेलेला, तिथे मोबाईल काढून घेतला, आधार कार्ड काढून घेतलं, फिटेपर्यंत जायचं नाही म्हणाले आणि फिटणार कसं, राहण्या-जेवणाचे पैसे रोज वर चढत होते. ११२ ला फोन केला, तिथल्या पोलिसांशी बोललो, मंडळाचे दोघे जाऊन घेऊन आले.

आता ते पाच हजार आणि हे वीस हजार. उचल घेतलीय म्हणून माणसाला अडकवून ठेवता येत नाही, वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ चा आहे आणि त्यात असलं कर्जच रद्द आहे, फेडायचंच नाही. पण आपल्या लोकांना वाटतं घेतले तर फेडायला नको का, शब्द दिलाय. या इमानदारीवरच तर धंदा चालतो. रायगडकडे कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीला, कोळसाभट्टीला जातात ती पण आधी घेतलेल्या उचलीवर, आठवड्याला हातात फक्त खर्ची, हिशोब शेवटी, आणि हिशोबात दरवर्षी शेठचंच येणं निघतं. ठाण्याकडे श्रमजीवी संघटनेने विवेक पंडितांबरोबर १९८२ पासून हेच काम केलं, आदिवासींनाच उभं करून वेठबिगार सोडवले. सोडवल्यावर प्रशासनाकडून मुक्तीचा दाखला घ्यायचा असतो, त्यावर पुनर्वसनाची मदत आहे, २०१६ च्या केंद्राच्या योजनेत पुरुषाला १ लाख, बायका-मुलांना २ लाख, विकून-नासवून आणलेल्यांना ३ लाखांपर्यंत. हे किती तहसील ऑफिसात नीट सांगतात ते तुमच्या वार्ताहराने एकदा बघून यावं.

वहीला विरोध पण झाला, आणि दोन्हीकडून. गावकीच्या बैठकीत एक मानकरी उठून म्हणाले, पोरींना बाहेर पाठवूच नका आणि मोबाईल काढून घ्या, विषय संपला. मी म्हटलं, तुम्ही पोरींचा पगार देणार का? बसले. त्या मुलीला मोबाईलमुळे नेलं नव्हतं, दारात येऊन ओटी भरून नेलं होतं. पण दुसरा विरोध होता तो मला जास्त लागला. एक मुलगी, बावीस वर्षांची, म्हणाली, काकी, मी कुठे जाते ते तुम्ही कोण लिहिणार? उद्या माझ्या भावाने वही मागितली तर देणार ना? आणि ती बरोबर होती हो. आम्ही राखण करता करता पहारेकरी व्हायला निघालेलो. मग बदललं. अठरावरच्यांनी स्वतः लिहायचं, कागद पाकिटात घालून चिकटवून द्यायचा, जेव्हा फोन करीन म्हणून लिहिलंय तेव्हा आला नाही तरच उघडायचं. वही आणि पाकिटं दोघींच्याच ताब्यात, बाप-भाऊ-नवरा कोणालाही नाही. ती मुलगी आता पुण्याला आहे, तिचं पाकीट माझ्याकडे आहे, बंद.

आता जे लिहायला मला जड जातंय ते. आमची थोडी हापूसची बाग आहे. मोहरापासून मिरगापर्यंत राखणीला नेपाळी जोडपं असतं, जसं रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक बागायतदारांकडे असतं. मी वही घेऊन वाडीभर फिरत होते त्याच वर्षी त्या बाईचं बाळ आजारी पडलं आणि ती म्हणाली, दीदी, घर जाना है, नागरिकता दे दो. म्हटलं कसली नागरिकता? तर त्यांची नागरिकतेची कागदं माझ्या लोखंडी कपाटात, वरच्या खणात, बागेच्या सातबाऱ्याखाली. सासऱ्यांनी ठेवलेली, 'हरवतील त्यांच्याकडून' म्हणून. आणि पगाराचा हिशोब सीझन संपल्यावर, मध्ये फक्त तांदूळ-तेल. मालकाने कागद ठेवून घ्यायचे, पैसे शेवटी द्यायचे, मधेच जायचं नाही. त्या हॉटेलवाल्यात आणि आमच्यात फरक काय होता? सासरे मारझोड करणारे नव्हेत, देवमाणूस म्हणतात गावात त्यांना. तोच तर प्रॉब्लेम. सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाड स्पर्धेच्या बांधकामावरच्या कामगारांच्या केसमध्ये सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं ही सुद्धा वेठबिगारीच. आमच्या घरी त्या रात्री मोठं भांडण झालं, मी दोन दिवस जेवले नाही, पण कागदं दिली, पैसे दिले. आता पगार दर महिन्याला आणि कागद त्यांचे त्यांच्याकडे. सासरे माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

त्या बाईनेच मला सांगितलं की त्यांच्याकडे बॉर्डरवर बायका उभ्या असतात, गाडी थांबवून मुलींना बाजूला घेऊन विचारतात, कुठे चाललीस, बरोबरचा कोण लागतो. नंतर कळलं ती माईती नेपाळ नावाची संस्था, अनुराधा कोइरालांनी १९९३ मध्ये काढलेली, आणि त्या उभ्या राहणाऱ्यांत स्वतः यातून सुटून आलेल्या मुली पण असतात. खोटा नवरा, खोटा काका त्यांना नजरेने ओळखू येतो. आम्हाला कुठला येणार.

म्हणून हे फक्त 'आपल्या मुली वाचवा' नाहीये. मिरकरवाडा, हर्णै, साखरी नाटे या बंदरांतून १ ऑगस्टला मासेमारीच्या बोटी सुटतात, खलाशी नेपाळपासून येतात, त्यातल्या कितीजणांची कागदं मालकाच्या ड्रॉवरमध्ये आहेत? चिरेखाणीवर विजापूरकडची कुटुंबं पोरांसकट राहतात, ती पोरं शाळेच्या पटावर आहेत का? गाव बाल संरक्षण समिती प्रत्येक गावात असायला हवी, सरपंच, अंगणवाडी सेविका अशी माणसं त्यात असतात, पण जास्त ठिकाणी ती फाईलीत असते आणि मीटिंगच्या सह्या एकाच पेनाच्या असतात. आमच्याकडे पण तसंच होतं. आता खाणीवरच्या पोरांची यादी करणं हे समितीचं पहिलं काम ठरवलंय, खाणमालक नाराज आहेत, त्यातले दोघं आमच्याच भावकीतले, बघू.

परदेशाचं थोडक्यात लिहिते कारण आमच्याकडून गल्फला आणि शिपवर पोरं पुष्कळ जातात. थायलंडला कॉम्प्युटरची नोकरी म्हणून नेऊन सीमेपलीकडे म्यानमारात कोंडून ऑनलाईन फसवणुकीची कामं करायला लावत होते, मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेपेक्षा जास्त भारतीय परत आणले. टुरिस्ट व्हिसावर नोकरी नसते, एवढं एक वाक्य कॉलेजच्या गेटवर लावा. आणि परदेशात पाठवणाऱ्या एजंटकडे सरकारचं लायसन्स लागतं, ई-मायग्रेट साईटवर नाव टाकून बघता येतं, दोन मिनिटांचं काम आहे.

आता तुमच्याकडे येते. आमच्या मुलीची बातमी तुम्ही छापलीत की दुसऱ्या कोणी ते जाऊ दे, पण वाडीचं नाव, वय, बापाचा धंदा सगळं होतं. सात घरांची वाडी. बालकांच्या बाबतीत नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही हे बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमात आहे, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या २३ मध्ये तर शेजारपाजार सुद्धा छापू नका असं आहे. बातमीचं कात्रण कोणीतरी मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर टाकलं. दीड महिना कोंडलेली मुलगी सुटून आली आणि पुढे आठ महिने घरातच बसली, या वेळी कुलूप आपणच लावलं. दोन स्थळं येऊन परत गेली. एक विहिरीवर विचारून गेला, 'पेपरात आलेली ती हीच का?'

तर असली बातमी छापताना गाव गाळा, 'जिल्ह्यातील एक मुलगी' पुरे. खाली मुलांच्या हेल्पलाईनचा १०९८ आणि पोलिसांचा ११२ छापा. १०९८ तर १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झालेला नंबर आहे, आपला म्हणायला हरकत नाही. आणि एजंटचं पुढे काय झालं, जामीन झाला की शिक्षा, ते सहा महिन्यांनी विचारा आणि छापा. मुलीबद्दल चार कॉलम लिहिता, एजंटबद्दल 'अधिक तपास सुरू आहे' एवढंच असतं, आणि तो अधिक तपास कधी संपल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

दुसऱ्या गावांतल्या बायकांना वही सुरू करायची असेल तर आम्ही येऊन दाखवू, एसटीचं भाडं आमचं आम्ही काढू. रिक्षावाल्यांशी बोलणं चालू आहे, रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या स्टॉपवर उतरवताना मुलीला नुसतं 'कुठे गो बाय चाललीस' विचारायचं एवढंच मागितलंय. तीन जण तयार झालेत, एक म्हणाला भाडं जाईल. बरोबर आहे त्याचं पण.

पत्र छापलंत तर माझं नाव छापू नका, गावाचं तर नकोच, वर का म्हणून लिहिलंय ते तुम्हाला कळलंच असेल.

आपली,
बचत गटातली एक बाई
ता. राजापूर

ता. क. : तांबूचं नाव या पत्रात आलं म्हणून आम्ही ते काल बदललंय. नवीन नाव विचारू नका.